नवतप्यातली विजेची स्कूटर : नागपुरातील अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी विजेवर चालणारी स्कूटर घेतली आणि तेव्हापासून मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी असा जाऊन-येऊन सुमारे ४५ किलोमीटरचा प्रवास आठवड्यातून सहा दिवस तिच्यावरच करतो आहे. आजवर अकरा हजारांहून थोडे अधिक किलोमीटर झाले. पुढे एक गंभीर तक्रार लिहायची असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. ३.७ किलोवॅट-तास क्षमतेची निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी, ॲल्युमिनियमची बंद पेटी आणि पंखा किंवा पाणी यांपैकी काहीही नसलेली शीतनव्यवस्था एवढे वर्णन पुरेसे आहे, कारण बाजारातल्या बऱ्याच स्कूटर साधारण अशाच बांधणीच्या असतात.

हिवाळ्याचे चार महिने सांगण्यासारखे काही घडले नाही. खरी परीक्षा मार्चअखेर सुरू झाली. उन्हाळ्यात रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, खूप घटेल अशी मला भीती होती. तसे झाले नाही. रेंजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो ताकदीत आणि चार्जिंगमध्ये. कारखान्यातल्या पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभी राहिलेली स्कूटर संध्याकाळी सुरू करताना मोबाइलच्या ॲपमध्ये बॅटरीचे तापमान ४४ अंश दिसे आणि महामार्गावरून घरी पोहोचेपर्यंत ते ५० च्या पुढे जाई. लिथियम बॅटरी साधारण ६० अंशांपर्यंत वीज देऊ शकते, पण ४५ अंशांच्या वर तिच्यात वीज भरणे तिच्या आयुष्याला घातक ठरते. त्यामुळे घरी येताच प्लग लावला, तरी बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा चार्जिंग सुरूच होऊ देत नसे. पहिल्या आठवड्यात मला हा बिघाड वाटला. आता मी स्कूटर आल्याआल्या टेबलफॅनसमोर उभी करतो. एरवी तासभर लागणारी वाट त्यामुळे चाळीस मिनिटांवर आली आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ अतिउष्ण दिवसांत, तर मी रात्रीचे चार्जिंग पूर्ण सोडून दिले आणि पहाटे चारला उठून प्लग लावू लागलो.

आता तक्रार. मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा ४५ च्या वर असताना, पत्नीला मागे बसवून वर्धा रोडच्या उड्डाणपुलाचा चढ चढत असताना स्कूटरची ताकद काही क्षणांत कमी झाली आणि वेग ६० वरून ३८ वर आला. मागे ट्रक होता. चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून निभावले. डॅशबोर्डवर थर्मामीटरचे एक छोटे चिन्ह उमटले होते खरे, पण ते ताकद कमी झाल्यानंतर, आणि दुपारच्या उन्हात ते दिसलेही नाही. यंत्रणेने केले ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच होते. मोटरच्या तारांमधली उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे चढावर दोन माणसांच्या ओझ्याने प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि मर्यादा ओलांडली तर मोटरमधल्या चुंबकांची शक्ती कायमची घटू शकते. मोटर वाचवायलाच हवी. परंतु चालवणाऱ्याला निदान अर्धा मिनिट आधी, मोठ्या अंकांत आणि आवाजासह कळवणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. तापमानाचा आकडा खिशातल्या मोबाइलमध्ये दाखवून उपयोग काय? सर्व्हिस सेंटरने माझी लेखी तक्रार घेतली. जूनमधल्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर इशाऱ्याचा आवाज येऊ लागला. आकडा मात्र अजूनही डॅशबोर्डवर नाही.

असाच एक धोका ब्रेकशी निगडित आहे आणि त्याविषयी विक्रेते क्वचितच बोलतात. थ्रॉटल सोडताच मोटर उलट वीज निर्माण करून वेग कमी करते, आणि काही दिवसांत हाताला त्याची सवय होते. परंतु बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल किंवा फार तापलेली असेल, तर ही परतीची वीज ठेवायला जागाच नसते आणि हा आपोआप मिळणारा ब्रेक जवळजवळ नाहीसा होतो. सकाळी पूर्ण चार्ज करून निघालो, की पहिले काही किलोमीटर मी हाताचे ब्रेक नेहमीपेक्षा लवकर लावतो.

पेटी बंद का, हेही समजून घ्यावे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यांतली एक घटना पुण्याची होती. त्यानंतर एआयएस-१५६ हे विजेवरच्या दुचाकींच्या बॅटरीसुरक्षेचे मानक कडक होऊन १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल पेटला तरी आग शेजारच्या सेलमध्ये पसरू नये, यावर त्यात भर आहे. शिवाय पाणी आणि धूळ बाहेर ठेवायची म्हणून बंद केलेल्या पेटीत वाऱ्याला वाव नाही. सगळी उष्णता तिच्या बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतूनच जाते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ही पाती चिखलाने भरली आणि हवा थंड असूनही तापमान तीन-चार अंशांनी जास्त दिसू लागले. ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ केल्यावर ते पूर्ववत झाले. हे काम आता दर रविवारी करतो.

या पेटीत वितळताना उष्णता शोषणारे मेणासारखे पदार्थ भरण्याची कल्पना मला आपल्या हवामानासाठी फार मोलाची वाटते, कारण एक किलो पॅराफिन वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता घेते आणि रात्री पुन्हा घट्ट होते. अट एवढीच, की त्याचा वितळणांक नवतप्यातल्या रात्रीच्या तापमानाहून पुरेसा वर निवडलेला असावा. बंगळुरूच्या एक्स्पोनंट एनर्जी या जलद चार्जिंगच्या कंपनीने शीतनाचे ओझे गाडीवर न ठेवता चार्जिंग स्टेशनकडूनच बॅटरीत थंड पाणी फिरवण्याचा मार्ग निवडला आहे. तो दुचाकीत परवडेल तेव्हा माझे पहाटेचे जागरण संपेल.

ॲपनुसार बॅटरीची क्षमता अजून ९६ टक्के आहे. शेडच्या पत्र्याखाली हिरवी जाळी बांधून घेतली आहे. विदर्भात कोणी अशी स्कूटर घेणार असेल, तर तिची चाचणी सकाळच्या गारव्यात घेऊ नये. एप्रिलच्या दुपारी, मागे माणूस बसवून, लांब उड्डाणपूल दोनदा चढून पाहावा आणि वेग कोठे कमी होतो, त्याआधी इशारा मिळतो की नाही, हे नोंदवून मगच पैसे भरावेत.