१८ जूनला काय घालायचं: नऊवारी की अंगरखा?

१८ जून ही झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची पुण्यतिथी. मे संपत आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराची बेल वाजायला लागते. दारात मुलगी, तिच्यामागे तिची आई, आणि प्रश्न ठरलेला. "काकू, हिला राणी केलंय. काय घालायचं?"

मी उलट विचारते, "राणी कुठली? झाशीच्या दरबारातली, की शेवटच्या लढाईतली, कोटा की सरायची?"

आई मुलीकडे बघते, मुलगी मोबाईलकडे. मोबाईलमध्ये फोटो तयारच असतो. हिरवी नऊवारी, नाकात भरगच्च नथ, कपाळावर चंद्रकोर, पाठीला बांधलेली बाहुली आणि हातात तलवार. फोटो झकास असतो, त्यात वाद नाही. पण फुलबागेजवळच्या समाधीपाशी जमून आपण जो दिवस आठवतो, त्या दिवशी राणीच्या अंगावर यातली तलवार तेवढी होती.

बलिदान मेळ्याच्या दिवसांत आमच्या भागातल्या मुली लढाईचा एक छोटासा प्रसंग करतात. वीस-बावीस मुली, लाकडी तलवारी आणि भाड्याचा एक घोडा, तोही निम्म्या वेळा कुणाच्या तरी वरातीत अडकलेला. कपडेपट माझ्याकडे. इतक्या वर्षांत सगळे प्रकार अंगावर चढवून आणि उतरवून झालेत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी नथीचं. राणीचे पती गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला गेले. म्हणजे १८५७-५८ च्या सगळ्या धामधुमीत लक्ष्मीबाई विधवा होत्या. नथ, कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा यातलं काहीच नाही. 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी त्या काळात झाशीत होते. त्यांनी बाईंचे दोन्ही वेष लिहून ठेवलेत. बायकी पोशाखात पांढरं वस्त्र, पांढरी चोळी, गळ्यात मोती, हातात सोन्याच्या बांगड्या. मर्दानी पोशाखात पायजमा, बंडी, टोपीवर पागोट्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र आणि कमरेच्या दुपट्ट्यात तलवार. जॉन लँग हा वकील १८५४ मध्ये त्यांना भेटला होता. त्यालाही साधी पांढरी मलमल आणि कानातलं सोनं एवढंच दिसलं. दरबाराचा प्रसंग करायचा असेल तर काम सोपं आहे: पांढरं सुती लुगडं, पांढरी चोळी, मोत्यांची माळ.

गेल्या वर्षी एका आईला हे सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. "अहो काकू, पांढरं? एवढ्या चांगल्या दिवशी?" मी म्हटलं, "अगं, पुण्यतिथी आहे." तरी तिने हिरव्या बांगड्या आणल्याच. मीही मग फार ताणलं नाही.

पाठीवरच्या बाहुलीचं म्हणाल, तर ती झाशीच्या किल्ल्यातून निसटतानाची कथा आहे. ग्वाल्हेरच्या प्रसंगात ती आणून ठेवायची गरज नाही, आणि धावताना ती फार आपटते.

आता कपड्यांकडे वळू. सगळ्यात जास्त खप शिवलेल्या नऊवारीचा. पायजम्यासारखी चढवायची, बाजूची चेन ओढायची, पदर खांद्यावर पिन केला की दोन मिनिटांत काम झालं. सहा ते दहा वर्षांच्या मुलींना मी स्वतः हीच देते, कारण त्यांना ऐनवेळी बाथरूमला जायचं असतं. पण मोठ्या मुलींवर ती लगेच ओळखू येते. निऱ्या इस्त्रीने चिकटवल्यासारख्या एका जागी बसलेल्या आणि मागचा काष्टा शिवणीत मेलेला. कापड बहुतेक वेळा पॉलिस्टर. आमच्याकडे जूनमध्ये पारा ४४-४५ वर असतो, संध्याकाळी सहालाही रस्ता तापलेला. त्या घामात एका मुलीची चेन अशी अडकली की प्रयोगानंतर कात्रीनेच सोडवावी लागली.

भाड्याने मिळणाऱ्या 'राणी ड्रेस'बद्दल फार लिहीत नाही. मखमली जाकीट, छातीवर सोनेरी पत्र्याचं चिलखत, खांद्याला झालर. एकदा घाई होती म्हणून आणला. मैदानात उतरायच्या आधीच उन्हाने गोंद सुटला आणि चिलखताचा डावा भाग माझ्या हातात आला. दुकानदाराने वर नुकसानीचे पैसे कापले. लांबून फोटो काढायचा असेल, तोही एसी हॉलमध्ये, तर ठीक.

हाताने नेसलेलं लुगडं हा मात्र खरा ऐवज आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. आधी कमरेभोवती घेऊन पोटावर घट्ट गाठ मारायची. सगळं पुढे याच गाठीवर उभं राहतं, म्हणून ती मारताना मुलीला श्वास सोडायला सांगते, घ्यायला नाही. मग पदराचा भाग मोजून डाव्या खांद्यावर टाकायचा, मधल्या कापडाच्या निऱ्या घालून खोचायच्या, आणि निऱ्यांचा काठ पायांमधून मागे नेऊन कण्याच्या रेषेत कासोटा मारायचा. पुढे ओचा, म्हणजे निऱ्यांचा घोळ, सोडायचा की नाही, हे प्रसंगावर ठरवते. हळदीकुंकवाला जाणारी बाई ओचा सोडेल. तोफेला दारूगोळा पुरवणारी लुगडं आखूड नेसेल, पिंढऱ्या उघड्या ठेवेल आणि पदर कमरेला आवळेल. झाशीच्या वेढ्यात बायका तोफांच्या मोर्च्यांवर राबताना आणि दारूगोळा वाटताना दिसल्याचं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. प्रयोगात अशा दहा-बारा जणी लागतातच, आणि त्यांच्यासाठी लुगड्यासारखं दुसरं काही नाही. त्यात पळता येतं, बसता येतं, आणि कुठे सैल झालं तर जागच्या जागी आवळता येतं. शिवलेल्यात ही सोय नाही.

अडचण एकच, ती म्हणजे कापड मिळवणं. इथल्या बाजारात, महाराजबाड्यावर, सुती नऊवारी मागितली तर दुकानदार सहावारी पुढे करतो आणि वर "वही तो है आंटी, पिन लगा लेना" असं सांगतो. सहावारीचा काष्टा होतो, पण तोकडा. बसलं की मागून ओढ बसते. त्यापेक्षा आजीची पेटी उघडावी. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं इंदुरी लुगडं सापडलं तर सोन्याहून पिवळं. चंदेरी नेसायची हौस असेल तर ध्यानात ठेवा: चंदेरी इथल्याच मुलखातली, काळालाही बसते, पण तेव्हाची बारीक सुताची. आज मिळणारी बहुतेक रेशीम मिसळलेली असते आणि मैदानातल्या मातीत तिची वाट लागते.

चोळी पुढे गाठ मारायची, हूक नको. मागून खोल गळा आणि लोंबते गोंडे तर नकोच नको. रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. पहिला रासायनिक जांभळा रंग लंडनमध्ये पर्किन या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला लागला तो १८५६ मध्ये. त्यामुळे १८५८ च्या ग्वाल्हेरात डोळ्यांत घुसणारा राणी-गुलाबी किंवा पोपटी असणं शक्यच नव्हतं. निळीचा निळा, आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल, करडईच्या फुलांचा कुसुंबी आणि हळदीचा पिवळा घ्यावा. हे रंग ढोबळ वाटतात, पण सूर्य कलल्यावर फोटोत फार गोड येतात.

राणीच्या सैन्यातल्या झलकारीबाईचं काम करणाऱ्या मुलीने मात्र लुगड्याच्या भानगडीत पडू नये. ती बुंदेलखंडातली कोरी समाजातली. तिला घागरा आणि ओढणी द्या. शेजारच्या हिंदीभाषक घरातून उसना घागरा लगेच मिळतो.

आता अंगरखा. कोटा की सरायच्या राणीसाठी माझं मत यालाच. इंग्रजांच्या कागदात तारीख १७ जून १८५८ आहे, आपल्याकडे १८ पाळतात. तारखेबद्दल काही का असेना, त्या दिवशी राणी घोडदळातल्या स्वाराच्या वेषात होत्या यावर दोन्हीकडे एकमत आहे. एका इंग्रजी नोंदीत लाल जाकीट, लाल तुमान आणि पांढरं पागोटं आहे. गळ्यात शिंद्यांच्या खजिन्यातला मोत्यांचा कंठा होता असंही सांगतात. ८ व्या हुसार या इंग्रज घोडदळ पलटणीच्या ज्या स्वाराने वार केला, त्याला आपण कुणाला मारतोय याची कल्पना नव्हती. त्याच्या आधी काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींना राणी पहाटे एका विहिरीपाशी भेटल्या, तेव्हाही पठाणी पोशाख होता आणि सगळं अंग धुळीने माखलेलं. मला विचाराल तर मेकअपच्या डब्यातली सगळ्यात कामाची वस्तू मुलतानी मातीची पुडी. पोशाख चढला की ती मुलीच्या खांद्यांवर झटकायची.

या पोशाखावर आयांचा आक्षेप ठरलेला: "मग ही मुलगी आहे हे कळणार कसं?" प्रश्न रास्त आहे. नऊवारी नसेल तर टाळ्या कमी पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लोकांच्या मनातली राणी नऊवारीतली आहे. पण न ओळखता येणं हाच तर त्या वेषाचा उपयोग होता. अमेरिकेत त्यांच्या यादवी युद्धाचे असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर होतात. तिथे अँटिएटमच्या रणभूमीवर १९८९ मध्ये सैनिकाच्या गणवेशात उतरलेली एक बाई बायकांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना सापडली, आणि बाई सैनिक चालत नाही म्हणून तिला काढून टाकलं. ती कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्या युद्धात पुरुषवेषात लढलेल्या बायका खरोखर होत्या, हा तिचा मुद्दा होता. आपल्याकडे कुणी काढून टाकत नाही. आपल्याकडे फक्त आई म्हणते, निदान नथ तरी घालू दे.

मला अंगरख्याकडे खरं वळवलं ते घोड्याने. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीला लुगड्यात घोड्यावर बसवलं. काष्टा मीच घातला होता, चांगला आवळून. पण खोगिरावर मांड टाकताच निऱ्या तिच्या मांडीखाली गोळा झाल्या आणि घोडा दुडक्या चालीने निघाला तसा ओचा बाहेर आला. पोरगी एका हाताने निऱ्या धरून, दुसऱ्या हाताने तलवार उगारून, "मावशी, सुटतंय!" असं ओरडत माझ्या समोरून गेली. समोरच्या इंग्रज सैन्याला हसू आवरेना. काष्टा नेसून घोड्यावर बसणाऱ्या बायका होऊन गेल्या, नाही असं नाही. पण त्या रोज नेसत होत्या आणि रोज बसत होत्या. आपल्या मुली वर्षातून एकदा दोन्ही करतात. पुढच्या वर्षी तीच भाची चुडीदार पायजमा, सुती अंगरखा आणि कमरेला तीन फेरे घट्ट दुपट्टा बांधून बसली. काही सुटलं नाही.

घोड्यावर चढणारी किंवा तलवारीची झटापट करणारी मुलगी असेल तर अंगरखाच. राणीच कशाला, तिच्यासोबत लढताना पडलेली मुंदरही स्वारच होती असं सांगतात. पायी मिरवणूक, तोफखाना, पाणी देणाऱ्या बायका यांना लुगडं. शाळेच्या स्टेजवर पाच मिनिटांचं भाषण म्हणायचं असेल तर शिवलेली नऊवारी चालते, तिथे कुणी निऱ्या मोजत नाही. आणि मुलगी हट्टाला पेटून रडायलाच लागली तर तिला हवं ते घालू द्या, फक्त नथ काढून ठेवा.

अंगरखा शिवायला टाकताना शिंप्याला चेन आणि वेल्क्रो लावायचं नाही, गाठ मारायचे बंदच लावायचे, हे दोनदा सांगा. तो ऐकून घेतो आणि बटण लावतो. कापड जाडं सुती, अस्तर नको. बाह्या ढगळ ठेवा, म्हणजे तलवार फिरवताना काखेत फाटत नाही. पायात काळी जुती चालेल. अनवाणी नको, डांबराने तळपाय पोळतात.

पागोट्याला पाच मीटर पांढरी मलमल पुरते. आधी केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर सुती टोपी, तिला केसांचे चार आकडे लावायचे, मग गुंडाळायला सुरुवात. मलमल आधी भिजवून पिळून घ्यायची. ओली असताना बांधलेलं पागोटं सुकलं की घट्ट बसतं, आणि तोपर्यंत डोकं थंड राहतं. मुलीला मात्र खाली वाकून मोबाईल बघू द्यायचा नाही.