गजकर्णाच्या पुडीने अण्णांची शुगर वाढवली

घरात कुणाला मधुमेह असेल आणि जांघेत, काखेत, पोटाच्या वळीत किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात सारखी खाज येत असेल, तर हे पूर्ण वाचा. आमच्या अण्णांना ज्याने फसवलं, त्याच्या बोलण्यातली निम्मी गोष्ट खरी होती. म्हणूनच चांगली शिकलेली माणसंसुद्धा त्याच्याकडे रांग लावत होती.

अण्णांचा मधुमेह जुना आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या जांघेत गजकर्ण उठलं आणि बघता बघता कमरेपर्यंत गेलं. रात्र रात्र खाजवत बसायचे. आठवडी बाजारात गाडी लावून बसणारा एक 'वैद्य' त्यांना म्हणाला, "काका, हे कातडीचं दुखणं नाही, शुगरचं आहे. शुगरवाल्याला बुरशी सोडत नाही. ही पुडी रोज सकाळी दुधातून घ्या, वरून हे मलम लावा. खाज जाईल आणि शुगरही मुळापासून जाईल." महिन्याचे अडीच हजार, रोख. पावती नाही. पुडीवर आणि मलमाच्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदतीची तारीख नाही.

दोन-तीन दिवसांत खाज थांबली. अण्णांना शांत झोप लागली, भूक वाढली, चेहरा भरला. तब्येत सुधारली असं सगळे म्हणायला लागले. त्याने आणखी एक बजावलं होतं: "शुगर फक्त उपाशीपोटीची बघायची." ती बरी यायची. पुडी संपली की खाज दुपटीने उसळायची आणि अण्णा पुढच्या बाजाराची वाट बघायचे. हळूहळू चट्टे मांड्यांवर, पाठीवर गेले. चेहऱ्याची सूज आणि सारखी लागणारी तहान बघून आम्ही त्यांना शहरात नेलं, तेव्हा जेवणानंतरची साखर 380 निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 7.4 वरून 10.1 वर गेलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या तर एक दिवसही चुकल्या नव्हत्या.

त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमनी जे समजावलं ते प्रत्येक मधुमेही घराला माहीत हवं. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मंदावतात. बुरशीपाशी पोचायला त्यांना उशीर होतो, बुरशी गिळण्याची ताकद कमी होते. गिळलेली बुरशी मारायला त्या जी ऑक्सिजनची जहाल संयुगं बनवतात, तीही कमी पडतात; कारण त्यासाठी लागणारं एनएडीपीएच हे द्रव्य जादा साखरेचं सॉर्बिटॉल करण्यात खर्च होतं. कातडीच्या दमट घड्यांत कॅन्डिडा नावाच्या बुरशीला मग रान मोकळं मिळतं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बेचक्यातली भेग कळतही नाही, आणि त्याच भेगेतून जंतू शिरून अख्खा पाय सुजू शकतो. म्हणजे शुगरचा आणि बुरशीचा संबंध आहेच. त्या माणसाने हा खरा धागा पकडला आणि त्याच्या आडून खाज-सूज दाबणारं स्टेरॉईड विकलं.

खाज आणि लाली ही शरीर बुरशीशी झुंजत असल्याची खूण. स्टेरॉईड ती झुंज थांबवतं. खाज जाते, बुरशी राहते आणि पसरते. गजकर्णाची ठळक गोल कडही पुसट होते, त्यामुळे नुसतं बघून ओळखणं अवघड जातं. मॅडमनी कातडीचा खरवड घेऊन केओएच तपासणी केली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले. साखरेने आधीच दुबळी झालेली राखण स्टेरॉईडने आणखी मोडली. वर स्टेरॉईडमुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्शुलिनचा परिणाम घटतो, म्हणजे साखर आणखी चढते आणि राखण पुन्हा खाली. उपाशीपोटीच्या साखरेची चलाखी इथे कळली: सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड दुपारी-संध्याकाळी साखर चढवतं, पहाटेपर्यंत ती उतरलेली असू शकते. जेवणानंतरची साखर बघू नका असं कुणी सांगितलं, तर तीच आधी बघा.

अण्णांचं सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिल्याने शरीराने स्वतःचं बनवणं सोडलं होतं. म्हणून कळकळीने सांगतो, अशी पुडी बरेच दिवस पोटात जात असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पुडी सोबत न्या. अण्णांना डॉक्टरांनी हिशोबाने औषध देऊन ते हळूहळू उतरवलं. बुरशीवरच्या गोळ्या आणि साखरेवर कडक लक्ष अजून चालू आहे.

मेडिकलमधून आणलेल्या मलमाबाबतही जपा. क्लोबेटासोलसारखी स्टेरॉईड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की अनेक ठिकाणी तीच हातात पडतात. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं आहेत का बघा; असतील तर ते स्टेरॉईड आहे.

त्या गाडीवर 'शुगर मुळापासून बरी' असा फलक होता. मधुमेह बरा करण्याची अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. आम्ही फलकाचा फोटो, उरलेल्या पुड्या आणि डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. आमच्या बाजारात तो आता येत नाही, दुसऱ्या तालुक्यात बसतो असं ऐकतो. तुमच्याकडे अशी पुडी असेल तर फेकू नका. तक्रारीला तोच पुरावा लागतो.