विक्रीचं टार्गेट पीओवर मोजायचं की बिलावर? सीआरएम निवडण्याआधी बडोद्याच्या कारखानदारांसाठी तुलना

बडोद्यात मकरपुरा, पोर, मंजुसर, वाघोडिया या पट्ट्यांत पॅनेल, पंप, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मरचे भाग असा ऑर्डरप्रमाणे माल बनवणारे पुष्कळ छोटे कारखाने आहेत. सेल्सची माणसं दोनाची सहा-सात झाली की मालकांना हमखास एक प्रश्न पडतो: टार्गेटची एक्सेल शीट आता सांभाळली जात नाही, सीआरएम (गिऱ्हाईक आणि विक्रीचा पाठपुरावा सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं तर कुठलं घेऊ? डेमोत सगळीच सॉफ्टवेअर छान दिसतात. काट्याचं मीटर असतं, हिरवी-लाल पट्टी असते, कोण पहिल्या नंबरवर आहे तेही दिसतं. त्यावर निर्णय घेऊ नका. आधी घरातच ठरवा की तुमच्याकडे टार्गेट 'झालं' असं कधी धरतात: पीओ (गिऱ्हाइकाची लेखी खरेदी-ऑर्डर) हातात आल्यावर, बिल निघाल्यावर, की पैसे खात्यात जमा झाल्यावर. बाकीची निवड बरीचशी त्यावरून आपोआप होते.

एकच ऑर्डर शेवटपर्यंत बघू. समजा, नंदेसरीच्या एका केमिकल युनिटकडून जुलैत एमसीसी पॅनेलची (मोटरी चालू-बंद आणि नियंत्रित करणाऱ्या पॅनेलची) इन्क्वायरी आली. ऑगस्टमध्ये कोटेशन गेलं, सप्टेंबर टेक्निकल चर्चेत गेला, आणि दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १२ लाखांचा पीओ आला. ड्रॉइंग अप्रूव्ह व्हायला दिवाळी उलटली. डिसेंबरअखेर इन्स्पेक्शन झालं, उत्तरायणाची सुट्टी संपल्यावर जानेवारीत माल गेला आणि बिल निघालं. पैसे आले मार्चमध्ये, तेही रिटेन्शन (हमीपोटी रोखून धरलेली रक्कम) कापून. हे १२ लाख कुठल्या तिमाहीचे? सेल्सवाला म्हणणार ऑक्टोबर-डिसेंबरचे, अकाउंटंट म्हणणार जानेवारी-मार्चचे, आणि मालकाला मार्चच्या बँक स्टेटमेंटशिवाय काहीच खरं वाटत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. इन्सेंटिव्हचं भांडण होतं ते इथेच.

झोहो सीआरएम ही ऑर्डर ऑक्टोबरमध्ये मोजतं. त्याच्या 'फोरकास्ट' भागात महिन्याचं किंवा तिमाहीचं टार्गेट माणसागणिक भरायचं असतं, आणि साहेब कोण, हाताखाली कोण ही उतरंड आधी मांडलेली असली की खालच्यांचे आकडे वरच्याच्या खात्यात गोळा होतात. प्रत्येक डीलला, म्हणजे संभाव्य ऑर्डरच्या नोंदीला, एक रक्कम आणि एक क्लोजिंग डेट (ऑर्डर मिळण्याची अपेक्षित तारीख) असते. डील ज्या टप्प्यावर आहे त्यानुसार ती पाइपलाइन, बेस्ट केस, कमिटेड किंवा क्लोज्ड यांपैकी एका खान्यात पडते. म्हणजे तिमाही अर्धी संपली असताना किती आलं, किती पक्कं आहे आणि किती नुसतंच बोलण्यात आहे, हे एकाच पानावर दिसतं. सोमवारच्या मीटिंगला माझ्या मते हे पान फार उपयोगी आहे, कारण 'होऊन जाईल साहेब' या वाक्याला कुठल्या तरी खान्यात बसावंच लागतं.

पण हा सगळा डोलारा दोन आकड्यांवर उभा आहे, आणि दोन्ही सेल्सवालाच टाइप करतो. एक, क्लोजिंग डेट. जुलैत अंदाजाने टाकलेली ३० सप्टेंबर ही तारीख कोणी पुढे सरकवली नाही, तर सप्टेंबरचा फोरकास्ट फुगलेला दिसतो आणि ऑक्टोबरचा रिकामा. दोन, रक्कम. १२ लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,१६,००० रुपये. एकाने १२ लाख लिहिले आणि दुसऱ्याने १४.१६ लाख, तर त्या दोघांची तुलनाच होऊ शकत नाही. रक्कम करापूर्वीची की करासकट, वाहतूक धरायची की नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून सगळ्यांना दाखवावं लागतं. सॉफ्टवेअर ते तुमच्यासाठी ठरवत नाही.

ईआरपीनेक्स्ट बरोबर उलट बाजूने येतं. ते मुळात सीआरएम नाही. खरेदी, उत्पादन, स्टॉक, हिशेब असं सगळं चालवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीजने बनवलेलं आहे. त्यात 'सेल्स पर्सन'ची झाडासारखी उतरंड असते आणि प्रत्येकाच्या नावापुढे आर्थिक वर्ष, आयटम ग्रुप आणि टार्गेट भरता येतं, नग संख्येत किंवा रुपयांत. खरी गंमत त्याच्या टार्गेट-फरकाच्या रिपोर्टमध्ये आहे: आकडे सेल्स ऑर्डरवरून काढू, डिलिव्हरी नोटवरून की सेल्स इनव्हॉइसवरून, हे तिथे निवडता येतं. वरची ऑर्डर सेल्स ऑर्डर निवडली तर ऑक्टोबरमध्ये दिसेल, इनव्हॉइस निवडलं तर जानेवारीत. सेल्सवाला आणि अकाउंटंट दोघांचंही उत्तर एकाच नोंदीतून निघतं, आणि रक्कम कोणाच्या अंदाजातून न येता खऱ्या कागदातून येते. वसुलीसाठी येणे बाकीचा रिपोर्ट सेल्स पर्सनप्रमाणे गाळून पाहता येतो. तुमचा कारखाना उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे देणं हे आता खरेदीदाराच्या प्राप्तिकराच्या हिशेबाशीही जोडलेलं आहे. तारीख समोर असलेला सेल्सवाला पार्टीशी त्याबद्दल ठामपणे बोलू शकतो.

कमी काय आहे? पीओ येण्याआधीचं जग. इन्क्वायरी आणि कोटेशनची नोंद ईआरपीनेक्स्टमध्ये होते, पण किती फोन केले, किती भेटी झाल्या, यावर टार्गेट लावून रोज पट्टी पुढे सरकताना पाहायची असेल तर ते हाताशी तयार मिळत नाही. रिपोर्ट रुक्ष आहे, अकाउंटंटला आवडेल असा. तिशीतल्या सेल्समनला तो मोबाइलवर रोज उघडावासा वाटेल असं मला वाटत नाही.

बारा सारखे भाग करू नका

हा मुद्दा बडोद्यात राहणाऱ्याला वेगळा सांगायला नको, तरी टार्गेटच्या शीटमध्ये तो हमखास विसरला जातो. वर्षाचं २.४० कोटींचं टार्गेट बाराने भागलं की महिन्याला २० लाख येतात. पण नवरात्रात रात्रभर गरबा चालतो आणि दिवसा कामाची गती मंदावते. दिवाळीनंतर अनेक पेढ्या आणि कारखाने लाभपंचमीलाच मुहूर्त करून उघडतात. जानेवारीत उत्तरायणाला गच्चीवरून खाली कोणी उतरत नाही. आणि मार्च एंडिंगला गिऱ्हाइकाचं बजेट संपवायचं असल्यामुळे जे वर्षभर झालं नाही ते पंधरा दिवसांत होतं. नोव्हेंबरला २० लाखांचं टार्गेट लावलं तर चांगला माणूसही लाल पट्टीत दिसतो, आणि असं दोन-तीनदा झालं की तो त्या पट्टीकडे बघणंच सोडतो.

ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी 'मंथली डिस्ट्रिब्युशन' नावाची सोय आहे. वर्षाचे १०० टक्के बारा महिन्यांत हवे तसे वाटायचे आणि तो साचा सगळ्यांच्या टार्गेटला जोडायचा. नोव्हेंबरला ५ टक्के दिले तर १२ लाख, मार्चला १५ टक्के दिले तर ३६ लाख. एकदा नीट बसवलं की पुढच्या वर्षी थोडीच डागडुजी लागते. हबस्पॉट या आणखी एका सीआरएममध्ये गोल (म्हणजे टार्गेट) तयार करताना प्रत्येक माणसाच्या नावापुढे महिन्याचे वेगवेगळे आकडे भरता येतात. झोहोतही प्रत्येक काळाचं टार्गेट वेगळं टाकता येतं. सहा माणसं आणि बारा महिने म्हणजे बहात्तर आकडे, पण ते काम वर्षातून एकदाच करायचं. टक्केवारी काढायची तर मागच्या तीन वर्षांची बिलं टॅलीतून महिन्यावार काढून बघा, अंदाजाने ठरवू नका. आर्थिक वर्ष एप्रिलपासून लावायची सेटिंग झोहो, हबस्पॉट आणि सेल्सफोर्स (हेही एक सीआरएम) या तिन्हींत आहे. ती मात्र पहिल्या दिवशीच लावा, नाहीतर तुमची पहिली तिमाही जानेवारीत सुरू झालेली दिसेल.

पीओ लांब असताना काय मोजायचं

ऑर्डर पिकायला चार-सहा महिने लागतात अशा धंद्यात फक्त रुपयांचं टार्गेट असेल तर नवीन माणसाला दिवाळीपर्यंत कळतच नाही की आपलं बरं चाललंय की वाईट. माझ्या मते मधल्या टप्प्यांचं टार्गेट लावलंच पाहिजे, आणि त्यात पाइपड्राइव्ह सगळ्यांत सोपं आहे. २०१० मध्ये एस्टोनियात सुरू झालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये किती डील नवीन आल्या, किती ठरावीक टप्प्यात पोहोचल्या, किती जिंकल्या, आणि भेटी-फोनसारखी कामं किती पुरी झाली, या सगळ्यावर गोल लावता येतो. तोही एका माणसासाठी, टीमसाठी किंवा सगळ्या कंपनीसाठी. 'महिन्याला चार डील टेक्निकल क्लिअरन्सपर्यंत नेणे' हे टार्गेट पॅनेलवाल्याला जितकं कामाचं आहे तितकं दुसरं कुठलंच नाही. तिथवर पोचलेली इन्क्वायरी सहसा भावावर अडते, आणि भावाचं काम मालक स्वतः करू शकतो. हबस्पॉटमध्येही मिळालेली रक्कम, नवीन डील, केलेले कॉल आणि ठरलेल्या मीटिंग यांचे तयार गोल आहेत. मात्र फोरकास्टसारख्या गोष्टी वरच्या प्लॅनमध्ये जातात, आणि दर माणशी दर महिन्याचं भाडं तिथे एकदम जड होतं.

कॉलच्या टार्गेटबद्दल एक सांगावंसं वाटतं. दिवसाला तीस कॉल असं टार्गेट लावलं की तीस कॉल होतात, पण गिऱ्हाईक तेच, विषय तोच. आपल्याकडच्या मालाला कन्सल्टंटच्या ऑफिसात जाऊन बसणं, साइटवर जुनं पॅनेल उघडून बघणं हे खरं काम असतं. कामांमध्ये 'साइट व्हिजिट' हा वेगळा प्रकार करून त्यावरच गोल लावा. कॉल तसेही होतच असतात.

एक ऑर्डर, तीन माणसं

अंकलेश्वरच्या प्लांटची ऑर्डर घ्या. कन्सल्टंट अहमदाबादचा, त्याच्याकडे तुमचा एक माणूस जातो. प्लांटवर दुसरा जातो. आणि परचेसचं हेड ऑफिस मुंबईला, तिथे तिसरा. टार्गेट कोणाच्या नावावर? सेल्सफोर्समध्ये यासाठी 'स्प्लिट'ची पक्की सोय आहे: ऑर्डरची रक्कम १०० टक्क्यांत वाटता येते, आणि ज्याने फक्त मदत केली त्याला वेगळं ओव्हरले श्रेयही देता येतं. सेल्सफोर्सचं एकूण टार्गेटचं यंत्र, म्हणजे कोटा (माणसागणिक टार्गेट), मॅनेजरने स्वतःच्या अंदाजाने आकडा बदलणं पण मूळ डीलला हात न लावणं, झोहो, ईआरपीनेक्स्ट, हबस्पॉट आणि पाइपड्राइव्ह या चौघांपेक्षा पुढचं आहे. पण ते बसवायला आणि चालू ठेवायला जाणकार माणूस लागतो. सात माणसांच्या टीमसाठी तो खर्च मी सुचवणार नाही. ईआरपीनेक्स्टमध्येही ऑर्डरवर 'सेल्स टीम'चा तक्ता असतो, त्यात ५०, ३०, २० असे टक्के लिहिले की प्रत्येकाच्या टार्गेटमध्ये तेवढा वाटा जमा होतो. छोट्या कारखान्याला एवढं पुरतं. अशा वाटणीची ऑर्डर वर्षातून दोनदाच येत असेल तर या मुद्द्यावर सॉफ्टवेअर निवडू नका. महिन्यात दोन येत असतील तर मात्र हाच मुद्दा सगळ्यांत वर ठेवा.

ओडू या आणखी एका सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: गांधीनगरला त्यांचं ऑफिस असल्यामुळे आपल्याकडे बसवून देणारे सहज मिळतात. टीमच्या पानावर महिन्याचं बिलाचं टार्गेट टाकलं की पुढे सरकणारी पट्टी दिसते, आणि तो आकडा कराआधीच्या बिलांचा असतो, ही चांगली गोष्ट आहे. पण तो टीमचा एकच आकडा आहे. तेवढ्यावर माणसामाणसाचं इन्सेंटिव्ह काढता येणार नाही.

मग कोणी काय घ्यावं? खरेदी-उत्पादन आधीच ईआरपीनेक्स्टवर असेल तर दुसरं काही विकत घेण्याआधी त्यातलं टार्गेट एक तिमाही चालवून बघा. हिशेब टॅलीत, कोटेशन वर्डमध्ये आणि फॉलोअप व्हॉट्सअ‍ॅपवर, अशी आज बहुतेकांची स्थिती असते. त्यांनी झोहो घ्यावं. फुकटच्या आवृत्तीत तीन जण बसतात, पण टार्गेटचं काम करायचं तर पैसे भरलेला प्लॅनच धरून चाला. बिल मात्र टॅलीतूनच निघत राहणार, म्हणून महिन्याच्या पाच तारखेला टॅलीची बिलं आणि झोहोच्या जिंकलेल्या डील शेजारी ठेवून जुळवायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या. टीम नवीन, तरुण, ऑर्डर छोट्या आणि पुष्कळ असतील, म्हणजे स्पेअर पार्ट किंवा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट विकणारे असाल, तर पाइपड्राइव्ह. तिथे रोज काय केलं हेच महत्त्वाचं असतं आणि ते शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

इन्सेंटिव्ह कशावर द्यायचं हे मालकाने ठरवायचं, पण माझं मत स्पष्ट आहे: टार्गेट पीओवर मोजा, इन्सेंटिव्ह वसुलीवर द्या. सेल्सवाल्याला वेळेवर शाबासकी मिळते आणि उधारीचा विसरही पडत नाही.

ट्रायल घ्याल तेव्हा विक्रेत्याचा नमुना डेटा वापरू नका. झोहोची ट्रायल १५ दिवसांची असते, तेवढी पुरे. मागच्या ऑक्टोबर-डिसेंबरच्या सगळ्या ऑर्डर त्यात भरा, रखडलेल्या आणि हातून गेलेल्याही. प्रत्येकाचं टार्गेट टाका आणि जो आकडा दिसेल तो तुम्ही तेव्हा दिलेल्या इन्सेंटिव्हच्या कागदाशी ताडून बघा. जिथे जुळत नाही त्या ऑर्डरवर बोट ठेवून त्याच सेल्सवाल्याला समोर बसवून विचारा की ही कुठल्या महिन्यात धरायला हवी होती.