१४ वर्षं एआर वापरून: एका फर्मवेअरवालीचा अभिप्राय

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी प्रेशर कंट्रोलर बनवतो आणि त्यांत चालणारं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, मी लिहिते. कंपायलर आणि डीबगर यांच्याबद्दल लोक भरभरून लिहितात, ऑब्जेक्ट फाइल्स एका पेटीत भरणाऱ्या एआर (ar) या अवजाराबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ते खटकतं, कारण गेल्या १४ वर्षांत माझा एकही बिल्ड (सोर्स कोडपासून फर्मवेअर बनवणं) त्याच्याशिवाय झालेला नाही.

काम साधं आहे. सी भाषेतली फाइल कंपाइल झाली, म्हणजे मशीनच्या भाषेत आली, की ऑब्जेक्ट फाइल होते. अशा चाळीस-पन्नास ऑब्जेक्ट फाइल्स एका डॉट ए फाइलमध्ये भरायच्या आणि कोणतं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे याची सूची पुढे लावायची. हीच स्टॅटिक लायब्ररी. लिंकर, म्हणजे हे तुकडे जोडून फर्मवेअर बनवणारा प्रोग्राम, सूची बघतो आणि लागतील तेवढ्याच ऑब्जेक्ट फाइल्स उचलतो. ६४ केबी फ्लॅशच्या, म्हणजे तेवढीच साठवणजागा असलेल्या, चिपवर काम करणाऱ्याला याची किंमत कळते. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही एआर आहे. मी वापरते ते जीएनयू बाइनयुटिल्स या अवजारांच्या संचातलं, फुकट.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसले तो सांगते. घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात आमचा कंट्रोलर बसवला होता. पंप ज्या दाबाला बंद व्हायला हवा होता त्याच्या बराच पुढे जाऊन बंद होत होता. आम्ही कॅलिब्रेशनचं टेबल बदललं, नवं फर्मवेअर घातलं, तरी पंप जुन्याच आकड्यावर अडलेला. तळघरात दोन तास गेज बघत उभी होते. सोर्स कोड बरोबर होता, बिल्डमध्ये एकही एरर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लायब्ररीवर एआरचं टी चालवलं. टी म्हणजे आतल्या फाइल्सची यादी. यादीत प्रेशर डॉट ओ होती आणि शेवटी प्रेशर २ डॉट ओ सुद्धा. आमच्या नव्या मुलाने टेबल बदलताना फाइलचं नावही बदललं होतं. एआरचं आर हे अक्षर त्याच नावाची फाइल असेल तर बदलतं, नसेल तर शेवटी जोडतं. सोर्समधून जी फाइल गेली तिची जुनी ऑब्जेक्ट फाइल ते आपणहून काढत नाही, काढ म्हणून सांगावं लागतं. दोन्हींत फंक्शनची नावं तीच. लिंकरला यादीत आधी जुनी भेटली, त्याने ती घेतली, नवीकडे जायची गरजच पडली नाही. म्हणून डुप्लिकेटची एररही आली नाही. उपाय एका ओळीचा: मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये, एआर चालवण्याआधी जुनी डॉट ए फाइल पुसून टाकायची. ही ओळ आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

याच जातीचा दुसरा धोका: एआर फाइलचा रस्ता लक्षात ठेवत नाही, फक्त शेवटचं नाव ठेवतं. सेन्सर आणि डिस्प्ले अशा दोन फोल्डरांत युटिल डॉट सी असेल आणि तुमची स्क्रिप्ट एकेका फोल्डरासाठी वेगळं एआर चालवत असेल, तर दुसरी युटिल पहिलीच्या जागी बसते. एक शब्द न बोलता. फाइल्सना फोल्डरचं नाव जोडून वेगळी नावं द्या, हाच सरळ मार्ग.

यादी तपासताना टीसोबत व्ही लावलं तर तारखा दिसतात. तेव्हा नवा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, या सगळ्या फाइल्स १ जानेवारी १९७० च्या कशा? आणि पहाटे साडेपाचच्या?" मला तो प्रश्न फार आवडला. आमच्या मेकफाइलमध्ये एआरला मोठं डी हे अक्षर लावलेलं आहे. त्यामुळे एआर तारीख आणि मालकाचा आकडा शून्य लिहितं. युनिक्सची शून्य वेळ म्हणजे ग्रीनिच प्रमाणवेळेची (यूटीसी) मध्यरात्र, आणि आपल्या घड्याळात साडेपाच. उबंटूवरच्या नेहमीच्या एआरला मोठं डी आपोआपच लागू असतं. फायदा असा की त्याच ऑब्जेक्ट फाइल्स त्याच क्रमाने दिल्या तर माझ्या आणि त्याच्या मशीनवर बनलेली लायब्ररी बाइट-बाइट सारखी येते. ग्राहकाकडच्या फर्मवेअरचा चेकसम (बाइट्सवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवताना हे सोनं आहे. खऱ्या तारखा हव्या असतील तर मोठं यू लावा. छोटं यू, म्हणजे फक्त नव्या झालेल्या फाइल्स बदल, हे मात्र मोठं डी असताना चालत नाही.

मला या अवजारावर विश्वास वाटतो तो त्याच्या फाइलच्या उघडेपणामुळे. सुरुवातीला ८ बाइट्सची ओळखखूण. मग प्रत्येक फाइलच्या आधी बरोबर ६० बाइट्सचं हेडर: नावाला १६, तारखेला १२, मालक आणि गटाला प्रत्येकी ६, परवानग्यांना ८, आकाराला १० आणि शेवटच्या खुणेला २. आकडे साध्या अक्षरांत लिहिलेले, त्यामुळे हेक्स डंप (फाइलचे कच्चे बाइट्स) उघडला की डोळ्यांनी वाचता येतं. नव्या माणसाला मी एक दुपार हेच करायला देते. नाव १६ बाइट्सांत मावलं नाही तर जीएनयूचं एआर ते वेगळ्या यादीत ठेवतं आणि हेडरमध्ये फक्त जागा लिहितं.

दोन लायब्ररी एकत्र करायच्या तर एक डॉट ए दुसऱ्या डॉट एमध्ये कोंबू नका. एआर ते मुकाट्याने करेल, पण लिंकर आतल्या पेटीत शोधत नाही. एक्सने सगळं बाहेर काढून पुन्हा भरायचं म्हटलं तर सारख्या नावाच्या फाइल्स एकमेकींवर लिहिल्या जातात. मोठं एम लावून छोटी स्क्रिप्ट द्या: क्रिएट, अॅडलिब, पुन्हा अॅडलिब, सेव्ह, एंड. पाच ओळी.

तक्रारीही आहेत. पर्याय सगळे एकेका अक्षराचे. डी काय, एम काय, छोटं आणि मोठं यांचे अर्थ वेगळे, आणि छोट्या डीने फाइल काढताना ते विचारतही नाही. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (लिंकर जोडताना कोड आटोपशीर करणं) वापरत असाल तर साध्या एआरऐवजी जीसीसी-एआर घ्या, नाहीतर सूची अपुरी राहू शकते. यात माझे दोन दिवस गेले होते.

घरी, कळव्याला, याचा वेगळाच उपयोग होतो. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सची डॉट डेब फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरचं पॅकेज, ही आतून एआरचीच पेटी. टी चालवलं की डेबियन-बायनरी, कंट्रोलचं टार आणि डेटाचं टार दिसतं. पीने पहिली फाइल छापली की स्क्रीनवर २.० उमटतं, ती पॅकेजच्या फॉरमॅटची आवृत्ती. पॅकेज इन्स्टॉल न करता त्यातली एखादी कॉन्फिग फाइल बघायची असली तर मी असंच उघडते.

रबाळ्याला परत आल्यावर नव्या मुलाने मेकफाइलमध्ये स्वतःहून एक भर घातली. बिल्ड संपला की टीच्या यादीतली नावं मोजायची, सोर्स फाइल्स मोजायच्या, आकडे जुळले नाहीत तर बिल्ड तिथेच थांबवायचा. काल आकडा ४१ होता, दोन्हीकडे.