इटलीतील हिवाळी सहल : रेल्वे की भाड्याची मोटार?

डिसेंबर-जानेवारीत रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहू इच्छिणाऱ्या दांपत्याने रेल्वेलाच पसंती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगवान गाडी रोमहून फ्लॉरेन्सला सुमारे दीड तासात आणि तेथून व्हेनिसला दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. शिवाय व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरताच समोर ग्रँड कॅनॉल हा शहराचा मुख्य कालवा दिसतो आणि जलबसचा धक्का हाकेच्या अंतरावर असतो. मोटारीला व्हेनिसच्या वेशीवरील पियाझ्झाले रोमा या चौकाच्या पुढे वाटच नाही, त्यामुळे महागड्या वाहनतळाचे भाडे भरून ती नुसती उभी ठेवावी लागते. रोम व फ्लॉरेन्सच्या जुन्या भागांत परवानगीविना शिरणाऱ्या वाहनांचे क्रमांक कॅमेरे टिपतात आणि दंडाची नोटीस कित्येकदा मायदेशी परतल्यावर, काही महिन्यांनी हाती पडते. भारतीय चालकाजवळ आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही हवा.

फ्लॉरेन्सभोवतालच्या टस्कनी प्रांतातील लहान गावे पाहायची असतील, तर पारडे मोटारीकडे झुकते, कारण मध्ययुगीन मनोऱ्यांच्या सान जिमिन्यानोला रेल्वेस्थानकच नाही. तथापि डिसेंबरात तेथे पाचच्या आत सूर्य मावळतो, आणि अंधारात अनोळखी वळणांवर गाडी हाकण्याची हौस दोघांपैकी किमान एकाला असावी लागते. ती नसल्यास फ्लॉरेन्समध्येच मुक्काम ठेवून पोजीबोन्सी या जवळच्या गावामार्गे बसने जाऊन यावे.