लिनक्ससाठी लॅपटॉप: शोरूममधला नवा की ऑफिसातून निघालेला जुना?

बजेट चाळीस हजारांच्या आसपास, लिनक्स टाकायचं हे पक्कं, आणि मन दोन ठिकाणी अडकलेलं: सांगलीत विश्रामबागच्या शोरूममधला नवा कोरा लॅपटॉप घ्यावा, की पुण्याच्या एखाद्या कंपनीतून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड नाहीतर डेलचा लॅटिट्यूड? वालचंद कॉलेजला प्रवेश मिळालेल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न असतो. रॅम, स्क्रीन, वजन तुम्ही ताडून बघालच. मी फक्त फर्मवेअरबद्दल, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी मशीन जागं करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतो, कारण गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

नव्या लॅपटॉपवर पहिला अडथळा येतो तो डिस्क न दिसण्याचा. इंटेलच्या बऱ्याच मशीनवर व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू ठेवून विंडोज घातलेलं असतं आणि काही इन्स्टॉलर तिथेच थांबतात. काही मॉडेलांत ते बंद करण्याचा पर्याय लपवलेला असतो. फर्मवेअरच्या मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकदम दाबलं की दिसू लागतो. पण विंडोजही ठेवायचं असेल तर थेट बंद करू नका, निळी स्क्रीन येईल. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. मग विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करा किंवा एएचसीआय ही डिस्कची साधी पद्धत निवडा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो; तो आधीच आठवून ठेवा. हे एकदाच करायचं काम आहे. एवढ्यावरून नव्याला नाही म्हणावं असं मला वाटत नाही.

माझा कौल जुन्याकडे फिरवला तो बूटच्या नोंदीने, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती सिस्टिम उघडायची या नोंदीने. लिनक्स नीट बसतं, बूटची यादी तपासली तर त्याचं नाव पहिलं दिसतं, आणि रीस्टार्ट केलं की सरळ विंडोज. परत जाऊन बघावं तर नोंद खाली ढकललेली, नाहीतर पुसलेली. एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या कायमच्या मेमरीत) लिहिलेला क्रम फर्मवेअरने पाळायला हवा. स्वस्त मशीनमधली काही फर्मवेअरं तो बाजूला ठेवून ईएफआय पार्टिशनमधली (डिस्कवरच्या बूट फाइलींच्या छोट्या भागातली) विंडोजची फाइल शोधतात आणि तीच चालवतात.

उपाय आहेत. काही मशीनवर आधी सुपरवायझर पासवर्ड (फर्मवेअरच्या सेटिंगचं कुलूप) लावावा लागतो, तेव्हा कुठे सिक्युअर बूटखालचा (फक्त सही असलेलीच फाइल सुरू करू देणाऱ्या सोयीखालचा) ‘यूईएफआय फाइल ट्रस्टेड म्हणून निवडा’ हा पर्याय उघडतो. तिथून डिस्क, ईएफआय, उबुंटू असं आत जाऊन शिम-एक्स-६४ ही लिनक्स सुरू करणारी, मायक्रोसॉफ्टची सही असलेली फाइल निवडायची, तिला नाव द्यायचं, एफ१० ने सेव्ह करायचं आणि मग ते नाव बूट क्रमात वर आणायचं. विंडोज पूर्ण काढणार असाल तर आणखी सोपं: ग्रब (लिनक्सचा बूट मेनू) बसवताना रिमूव्हेबलचा पर्याय दिला की फाइल बूट-एक्स-६४ या ठरलेल्या नावाने बसते, आणि नोंद हरवली तरी फर्मवेअर तिथे पोचतं. दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर मात्र या दुसऱ्या उपायाचा भरवसा नाही. मी वापरलेल्या नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा पेनड्राइव्ह काढायची वेळ यायची. हाताखालच्या जुन्या थिंकपॅडवर ही नोंद अजून एकदाही हललेली नाही. दोनच मशीनचा अनुभव आहे, पण माझ्यापुरता पुरेसा आहे.

जुन्यात धोका नाही असं समजू नका. पैसे देण्याआधी मशीन सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, लॅटिट्यूडवर एफ२ दाबून फर्मवेअरमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर सरळ परत द्या. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड सीमॉस बॅटरी (मदरबोर्डवरचा छोटा सेल) काढून जात नाही. हे घरी आल्यावर कळलं, तर पुण्याला पुन्हा जाणं आलं. टाइप-सीवर चार्जर लावून बघा: टी४८० च्या काळातल्या थिंकपॅडांत जुन्या थंडरबोल्ट (टाइप-सी पोर्टच्या चिपच्या) फर्मवेअरमुळे ते पोर्ट निकामी होऊ शकतं. त्याचं सुधारित फर्मवेअर कंपनीने दिलेलं आहे. पोर्ट चालू असतानाच ते टाकून घ्या. बॅटरीही तपासा. ती पुरेशी चार्ज नसेल तर फर्मवेअर अपडेट सुरूच होत नाही, आणि सुरू झाल्यावर लाइट गेली तर तीच मशीन वाचवते.

एकदा पारखून घेतलं की पुढचं सोपं. लेनोवो, डेल, एचपीच्या बऱ्याच ऑफिस-मॉडेलांचं फर्मवेअर लिनक्समधूनच, एफडब्ल्यूयूपीडी हा प्रोग्रॅम वापरून अपडेट होतं. स्वस्त नव्या मशीनची अपडेट फाइल पुष्कळदा विंडोजवरच चालते, म्हणजे विंडोज काढलं की तो रस्ता बंद. हे आता जास्त महत्त्वाचं आहे, कारण लिनक्सचं शिम ज्या मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रावर चालतं ते २०११ चं, आणि त्याची मुदत जून २०२६ पर्यंतची. मुदत संपली म्हणून आज चालणारं शिम बंद पडत नाही, पण फक्त २०२३ च्या नव्या किल्लीने सही केलेल्या शिमसाठी ती किल्ली फर्मवेअरमध्ये असावी लागते.

झाकण मिटल्यावरच्या झोपेतही फरक पडतो. बऱ्याच नव्या मशीनमध्ये एस३ स्लीप, म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळं बंद करणारी गाढ झोप, उरलेलंच नाही. सांगलीत बॅगेत ठेवलेला लॅपटॉप पुण्यात गरम आणि अर्धा रिकामा निघू शकतो. इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या थिंकपॅडांत एस३ मिळतं; काहींत त्यासाठी फर्मवेअरमध्ये कॉन्फिग, पॉवर, स्लीप स्टेट इथे ‘लिनक्स’ निवडावं लागतं.

पूर्ण वॉरंटी हवी असेल किंवा ग्राफिक्सचं जड काम असेल तर नवाच घ्या, त्यात चूक काही नाही. फक्त लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) खिशात घालून जा आणि दुकानातच लावून बघा: डिस्क दिसते का, वायफाय चालतं का, आणि सिक्युअर बूटखाली ती ट्रस्टेड फाइलची ओळ आहे का.