ब्लॅक घोस्ट की बिचिर? सोलापुरातल्या टँकसाठी

गप्पी-मॉलीपासून ऑस्करपर्यंत सगळं पाळून झालं, आता टँकमध्ये काहीतरी निराळं हवं, असं म्हणणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा दोन माशांवर येऊन थांबते: ब्लॅक घोस्ट नाइफ आणि सेनेगल बिचिर. बिचिरला दुकानात ‘डायनोसॉर’ असंही म्हणतात. दोन्ही मी चार फुटी टँकमध्ये पाळलेत, त्यातला एक अजून माझ्याकडे आहे.

तिसरं नाव हमखास निघतं ते पी पफरचं. केरळातल्या नद्यांमधला, बोटाच्या पेराएवढा, डोळे गरगर फिरवत सगळीकडे बघणारा मासा. आवडण्यासारखाच आहे. पण कोरड्या दाण्याकडे तो सहसा ढुंकून बघत नाही, त्याला गोगलगायी आणि जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्या लागतात. शिवाय त्याची जात धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे आणि बाजारात येणारे बरेचसे नदीतून धरलेले असतात. छोटा टँक आणि रोजचा वेळ असेल तर विचार करा. मी त्याला बाजूला ठेवतो.

आता घोस्ट. दिसायला याच्या तोडीचा मासा मी तरी पाहिलेला नाही. मखमली काळा, शेपटीजवळ दोन पांढरे पट्टे, आणि पोटाखालून शेवटपर्यंत गेलेला एकच लांब पर. त्या पराला लाट देत तो जितक्या सहज पुढे जातो तितक्याच सहज मागे येतो. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात उलटा शिरताना एकदा बघा. अंग जराही न वाकवता, शेपूट आधी, डोकं शेवटी. हे त्याला जमतं कारण तो अंगातून सतत हलकी वीज सोडतो आणि तिच्यात पडणाऱ्या फरकावरून अंधारातही आजूबाजूचं ओळखतो. रुळला की हातातून अळी घेतो. माझा घ्यायचा, आणि संध्याकाळी ट्यूबलाइट बंद केली की पाइपातून नाक बाहेर काढून वाट बघायचा.

बिचिरकडे हा डौल नाही. राखाडी अंग, पाठीवर ओळीने छोटे छोटे पर, सापासारखं डोकं. पण जेवायला घातल्यावर त्याच्यासमोर बसून बघा. नजर कमजोर, सगळी मदार वासावर. कोळंबीचा तुकडा नाकासमोर पडलेला असतो आणि हा पुढचे दोन पर वल्ह्यासारखे हलवत त्याच्या डावीकडून उजवीकडे जातो, थांबतो, नाकावरच्या दोन नळ्या तळाशी नेतो, पुन्हा चुकतो, आणि मग एकदम गट्ट. जमिनीवरच्या प्राण्यांची सुरुवात कशी झाली असेल हे शोधताना संशोधकांनी याच जातीची पिल्लं आठ महिने जमिनीवर वाढवली होती. ती पाण्यात वाढलेल्यांपेक्षा डोकं जास्त वर उचलून आणि पर अंगाजवळ घेऊन चालू लागली. २०१४ साली ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. हे वाचल्यापासून मी त्याच्या परांकडे वेगळ्याच नजरेने बघतो.

खाण्याच्या बाबतीत दोघांत फार फरक नाही. दोन्ही रात्रीचे, दोन्ही मांसाहारी, दोन्ही टेट्रा-गप्पी रातोरात फस्त करणारे. दोन घोस्ट एकत्र ठेवले तर भांडतात, बिचिर बऱ्यापैकी जमवून घेतात. घोस्ट औषधाच्या बाबतीत नाजूक, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की औषध जपून द्यावं लागतं. पूर्ण वाढलेला घोस्ट दीड फुटापर्यंत जाऊ शकतो, सेनेगल बिचिर साधारण फुटाचा होतो. मोठा झाला म्हणून सिद्धेश्वर तलावात किंवा कॅनॉलमध्ये सोडायचा विचार मनात आणूच नका. हौशी लोकांच्या टँकमधल्या सकर माशाने उजनीत काय केलंय ते तिथल्या मच्छीमारांना विचारा.

माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट म्हणजे लाईट जाणं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२च्या पुढे जातो. घरात कूलर लावला तरी टँकचं पाणी ३१-३२ अंशांवर जाऊन बसतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३२ अंशांना तोच ७.३ होतो. फरक थोडा वाटेल, पण गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि फिल्टरमधले जिवाणूही जास्त प्राणवायू ओढतात. पंप चालू आहे तोवर निभावतं. दुपारी लाईट गेली, पाणी हलायचं थांबलं, की घोस्टचे कल्ले भराभर चालायला लागायचे. अर्ध्या-पाऊण तासात तो पाइप सोडून वर यायचा आणि पाण्याच्या कडेला तिरका होऊन राहायचा. दिवसा कधी बाहेर न दिसणारा मासा असा दिसला की जीव खालीवर व्हायचा. मग घरातलं कोणीतरी मगाने पाणी वरून ओतत बसायचं. मी कामावर असलो की फोन, “लाईट गेलीय, तुझा मासा वर आलाय.” बॅटरीवरचा एअर पंप आणला, त्याने बरंच सावरलं. पण तो चार्ज आहे का, कोणी लावला का, ही काळजी उन्हाळाभर डोक्यातून जात नव्हती. बाहेरगावी राहायला जायचं म्हटलं की आधी टँक आठवायचा.

बिचिरला फुफ्फुसं आहेत. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवेचा घोट घेतो आणि परत खाली जाऊन पडतो, आपल्या मरळीसारखा. लाईट गेल्यावर तो दोनदा जास्त वर येतो, एवढंच. घरातून फोन येणं बंद झालं.

पाण्याचंही तसंच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मध्ये बोअरचं जड पाणी वापरावं लागतं. घोस्ट मुळात ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ पाण्यातला. बिचिर आफ्रिकेतल्या उथळ, गढूळ पाणथळीतला असल्यामुळे हे जास्त शांतपणे सोसतो, असा माझा अनुभव आहे. मात्र हवेत श्वास घेतो म्हणून त्याला माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चालतो असं नाही. पाण्याच्या दिवशी टँकचं थोडं पाणी बदलायलाच हवं.

त्याची खोड एकच, पळायची. झाकणात फिल्टरच्या पाइपसाठी ठेवलेल्या फटीतूनही तो बाहेर पडू शकतो. पण झाकण एकदा नीट बसवलं की तो विषय संपतो, लाईटचा संपत नाही.

इन्व्हर्टरवर टँक चालत असेल, खोलीत एसी असेल आणि पाच फुटांच्या वरचा टँक ठेवायला जागा असेल, तर घोस्ट आणायला मी कोणाला अडवणार नाही. माझा घोस्ट मी पुण्यातल्या मित्राला दिला. त्याच्याकडे टँक मोठा आहे, उन्हाळाही आपल्यापेक्षा सौम्य. तिथे तो छान आहे. सोलापुरातल्या साध्या घरात, साध्या टँकमध्ये, मी बिचिरच ठेवीन.

आणायचा तो मे महिन्यात नको. प्रवासातल्या पिशवीतलं पाणी तापतं आणि पिल्लू थकून येतं. मृगाचा पाऊस पडून हवा उतरली की बघा. दुकानात समोर खायला घालायला सांगा, खात असेल तरच घ्या. लहान पिल्लाच्या डोक्यामागे पिसासारखे बाहेरचे कल्ले दिसतील, तो आजार नव्हे, वाढताना जातात. पिल्लू आणायच्या आधीच काचवाल्याकडून झाकण कापून घ्या, भोक पाइपच्या जाडीचंच ठेवायला सांगा, आणि पाणी झाकणापासून दोन-तीन इंच खाली ठेवा, त्याला श्वास घ्यायला जागा हवी.